फ्लेक्सवरचं हसू

ग्रामपंचायतीच्या दारात विकासकामांचा नवा फ्लेक्स लागलाय आणि त्यावर आमच्या शेजारच्या सुमनकाकू हसतायत. पुढ्यात वाहता नळ, वर ठळक अक्षरांत 'घरोघरी नळ, काम पूर्ण'.

ते पाणी टँकरचं होतं. भिंतीमागून पाइप जोडून फोटोपुरतं नळातून सोडलेलं. "उद्यापासून टाकीचं येईल," असं पाणीयोजनेच्या साहेबांनी सांगितलं, म्हणून काकूंनी नळाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. "काकू, जरा हसा की!" साहेब म्हणाले. काकू हसल्या. टँकर गेला. त्यानंतर नळाला थेंब नाही.

आज तक्रारीचा अर्ज घेऊन काकू आणि मी ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवकाने तो हातातही घेतला नाही. फ्लेक्सकडे बोट दाखवून म्हणाला, "हा फोटो तुमचाच ना?"

चोर निदान घरातली वस्तू नेतो. या निर्लज्जांनी एका बाईचं हसू नेलं आणि तिच्याच विरुद्ध पुरावा म्हणून टांगलं.

काकूंनी पदर पुढे ओढून चेहरा झाकला. मला मात्र झाकायला काही सापडेना. त्या दिवशी "काकू, थोडं उजेडात या, फोटो छान येईल," असं म्हणणारा मीच होतो.