कात्री न लागलेलं लुगडं

वन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी रेवदंड्याच्या बाजारात निळ्या दोऱ्याचं रीळ उजेडात धरून बघत होते. घरातला दोरा संपत आला होता आणि आधी आणलेली दोन रिळं त्यांनी नापास केली होती. एक म्हणे शाळेच्या गणवेशाचा निळा, दुसरा रेशनच्या रॉकेलचा. हे तिसरं तरी पसंत पडू दे, असं दुकानदाराशी बोलत होते, तेवढ्यात शेजारच्या मंदाचा फोन. "वयनी, तशाच घरी या. हिराआत्या खुर्चीत बसल्या बसल्याच..." मी रीळ पिशवीत टाकलं, पैसे दिले आणि चौलच्या रिक्षात बसले. माणूस गेल्यावर दोरा कशाला घेतला, असं नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. तेव्हा सुचलंच नाही. वन्संनी सांगितलेलं काम करायचं, एवढीच बेचाळीस वर्षांची सवय.

हिरावन्सं माझ्या थोरल्या नणंद. लग्न केलं नाही, आणि त्याची खंत केलेलीही मी पाहिली नाही. माझे यजमान गेल्यापासून घरात आम्ही दोघीच होतो. सगळ्या आळीचे ब्लाऊज-परकर त्यांनी पडवीत बसून शिवले. मी प्राथमिक शाळेत शिकवायचे, म्हणून मला नावाने कधी हाक नाही. "मास्तरीणबाई, तुझे टाके म्हंजे चिखलातनं बगळा चालत गेल्यासारखे," असं पाहुण्यांसमोर म्हणायच्या. मीही त्यांच्या भाकरीला नकाशा म्हणायचे. आमचं छान चाललं होतं.

तरुणपणी चारपाच वर्षं त्या मुंबईत मामाकडे राहिल्या होत्या, एका बाईंच्या शिवणखात्यात कामाला. बाई म्हणजे तेव्हाच्या नावाजलेल्या फॅशन डिझायनर, त्यांचे कपडे परदेशी जायचे. या दिवसांबद्दल वन्सं फारसं बोलत नसत. "बाईंकडं चहा चांगला मिळायचा," एवढंच. त्यामुळे गेल्या वर्षी ऋचा नावाची मुलगी आमचं घर विचारत विचारत आळीत आली, तेव्हा मला वाटलं ब्लाऊज शिवायला आली असेल. ती मुंबईच्या एका संग्रहालयातली होती. तिने एक जुना फोटो पुढे केला. त्यात एका उंच मुलीच्या अंगावर लांब पायघोळ ड्रेस होता, निळ्या चौकड्यांचा. किरमिजी काठ एका खांद्यावरून आडवा उतरलेला, मागे कासोट्यासारख्या निऱ्या, कुठे बटण नाही की चेन नाही. फोटोच्या पाठीवर बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं : हिराच्या आईचं लुगडं, चौल.

ऋचाने सांगितलं ते मी प्रथमच ऐकत होते. अख्ख्या कापडाला कुठेही न कापता, निव्वळ घड्या आणि टाके घालून अंगाचा आकार द्यायचा, हे बाईंनी या ड्रेसमध्ये केलं आणि त्यांच्या कामाची दिशाच बदलली. पुढे कितीतरी जणांनी तिथून उचललं. फॅशनच्या इतिहासावरच्या पुस्तकांत हा फोटो असतो. "हे बाईंना सुचलं कसं, यावर लोक लेख लिहितात, आजी," ती म्हणाली. वन्संनी सुपारी कातरता कातरता वर बघितलं. "सुचतंय कसलं? आये मारील म्हणून."

झालं होतं असं. बाईंना कोकणातल्या बायकांच्या नेसण्यासारखा ड्रेस करायचा होता आणि महिनाभर काही जमत नव्हतं. सुट्टीहून परतताना वन्सं नमुना म्हणून आईचं सणाचं लुगडं मागून घेऊन गेल्या. माझ्या सासूबाईंनी ते देताना बजावलं, "कात्री लागता कामा नये. दिलंय तसं परत पायजे." बाईंनी सवयीने कात्री उचलली तेव्हा या चौलच्या पोरीने त्यांचा हात धरला. बाई आधी चिडल्या, मग हसल्या, मग म्हणाल्या, बरं, न कापता करून दाखव. वन्संनी चौकड्या मोजून मोजून घड्या घातल्या. सात सोडायच्या, आठवी धरायची. सगळा हाताचा धावदोरा, आणि शिवणीच्या शेवटी गाठ नाही, दोन बोटं दोरा मोकळा. गाठ कापायला पुन्हा कात्री लागली असती ना... फोटो झाले, वाहवा झाली, बाईंनी त्यावरून पुढे रेशमी ड्रेस केले. ते मात्र त्यांनी कापूनच शिवले.

"मग तो ड्रेस कुठे आहे?" ऋचाने विचारलं. वन्सं उठल्या आणि ट्रंकेतून लुगडं घेऊन आल्या. धुतलेलं, घडी घातलेलं, नऊवारी लुगडं. ड्रेस घरी आला त्याच दिवशी सासूबाईंनी याच पडवीत बसून मोकळे दोरे एकेक करून ओढले, सगळं सर्रकन उसवलं, आणि गौरीच्या सणाला ते नेसून त्या मिरवल्यासुद्धा. पुस्तकात छापलेला ड्रेस आमच्या घरी एक रात्रही टिकला नव्हता. ऋचाचा चेहरा असा पडला की मला तिला पाणी द्यावं लागलं. वन्सं मात्र शांत. "उसवलं तं काय झालं? परत शिवू."

जुन्या वस्तूला हात लावायचा नाही असा संग्रहालयाचा नियम. शिवाय आता शिवलेला ड्रेस जुना कसा म्हणायचा? ऋचा अडखळत हे सांगत होती. "कापड त्येच, हात त्योच. मग नवा कशावरनं?" वन्संनी विचारलं. तिने हा प्रश्न जसाच्या तसा वरिष्ठांना कळवला. त्यांना उत्तर सापडलं नसावं, कारण आठवड्याने होकार आला.

वन्संचं हृदय तेव्हाच थकलं होतं. अलिबागच्या डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. डोळ्यांचं तर विचारूच नका. पण मी अडवलं नाही, कारण उभ्या आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी एवढी एकच गोष्ट मनावर घेतलेली मी पाहिली. बोलल्या नाहीत, पण हा ड्रेस पुरा होऊन लोकांनी बघावा, हे त्यांना फार फार हवं होतं. रोज सकाळी चहानंतर ऊन पडवीत येई, तेव्हा तासभर काम. मी सुया ओवायच्या, मोठ्याने चौकड्या मोजायच्या. एकदा सातऐवजी सहा मोजल्या तर म्हणाल्या, "असंच गणित शिकवलंस व्हय पोरांना?" ते पाचसहा महिने आमच्या सहवासातले सगळ्यात सुखाचे, असं आज वाटतं.

त्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा लुगडं त्यांच्या मांडीवर होतं आणि सुई कापडात नव्हती, कापसाच्या उशीत टोचलेली होती. सुई कापडात ठेवून काम सोडायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. म्हणजे त्यांना कळलं होतं. कळल्यावर त्यांनी आधी सुई जागेवर ठेवली. मी तिथेच बसून खूप रडले. डाव्या कमरेची दीड वीत शिवण राहिली होती.

ऋचा म्हणाली, आमच्याकडचे कारागीर पुरी करतील. मी नको म्हटलं. तेरावं झाल्यावर त्यांच्याच खुर्चीत बसले, पिशवीतलं तिसरं रीळ काढलं. रंग अगदी बरोबर होता. दीड वीत शिवायला मला चार सकाळी लागल्या. बगळा पुष्कळदा चालला, पुष्कळदा मागे फिरला. शेवटच्या टाक्याला हात आपोआप गाठ मारायला गेला आणि मी तो आवरला. दोन बोटं दोरा मोकळा सोडला. माझे टाके बघणाऱ्याला ओळखू येतील. येऊ देत.

परवा ऋचा पांढरे हातमोजे घालून ड्रेस न्यायला आली. वन्संचं नाव पाटीवर बाईंच्या नावाशेजारी लिहिणार आहेत, म्हणाली. पडवीत लुगडं पसरून ती शिवणी बघत होती. डाव्या कमरेशी लोंबणारा दोरा तिला दिसला, आणि तिने पिशवीतून छोटी कात्री काढली. "हा राहिलाय, कापू का?"

"कात्री लागता कामा नये," मी म्हटलं. आवाज माझाच होता. पण तिने कात्री अशी चटकन आत ठेवली, की बहुधा तिलाही कळलं असावं, मी एकटी बोलत नव्हते.