चार्जिंगच्या खांबाला काही हरकत?

हरकतींच्या टेबलावर बसलेल्या कारकुनाला किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. ते आपल्या पायांनी येतात, सोबत झेरॉक्स आणतात आणि वर पोच मागतात! नगरपालिकेत माझी शेवटची वर्षं याच टेबलावर गेली. आता निवृत्त झालो तर लोक म्हणतात, काहीतरी लिहा. गाव परभणी जिल्ह्यातलंच, तालुक्याचं. नाव सांगत नाही. उगीच त्यावरही एखादी हरकत यायची!

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी वरून एक योजना आली. राहत्या गल्ल्यांत रस्त्याच्या कडेला बॅटरीच्या गाड्यांसाठी चार्जिंगचे खांब बसवायचे. आमच्या गावाच्या वाट्याला पहिल्या टप्प्यात एकच खांब. तो जुन्या डेअरीच्या गल्लीत बसवायचं ठरलं आणि नियमाप्रमाणे नागरिकांच्या 'हरकती व सूचना' मागवल्या. सूचना एकही आली नाही.

*

नोटिशीची भाषासुद्धा वरूनच आली होती. 'निवासी मार्गावर विद्युत वाहन प्रभारण केंद्र उभारण्याबाबत.' नोटीस लागली आणि दुसऱ्याच दिवशी गल्लीतले किराणा दुकानदार मल्लिकार्जुनअप्पा चष्मा कपाळावर चढवून हजर.

"भाऊसाहेब, हे काई बरं न्हाई."

"काय झालं अप्पा?"

"आवं, तहसीलला प्रभारी, दवाखान्यात प्रभारी, शाळेला हेडमास्तर बी प्रभारी. आता आमच्या गल्लीत केंद्र यायलंय, ते बी प्रभारीच?"

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की प्रभारण म्हणजे चार्जिंग.

अप्पांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला. "मंग सरळ मराठीत चार्जिंग म्हणायला काय झालतं?"

हरकत मात्र त्यांनी मागे घेतली नाही. लिहून आणली होती, ती वाया कशी घालवायची? फक्त खाली एक ओळ वाढवली: 'केंद्र द्यायचेच असल्यास कायमस्वरूपी द्यावे.'

*

झरीकडचे बाबाराव शेतकरी. नातवंडांच्या शाळेसाठी त्यांनी या गल्लीत घर केलेलं. फेटा सारखा करत ते टेबलाशी आले आणि म्हणाले, "लिवून घ्या. माझी काई हरकत न्हाई."

"हरकत नसेल तर लिहून द्यायची गरज नाही, बाबाराव."

"म्हंजे हरकत असणाऱ्याचंच लिवणार? आमी चांगलं वागलो तर आमचं नाव बी न्हाई?"

मुद्दा बिनतोड होता. रजिस्टरात 'हरकतीचे स्वरूप' असा एकच रकाना. त्यात मी लिहिलं, 'नाही'. पुढं सुनावणीनंतर मुख्याधिकारी साहेबांनी सगळ्या किरकोळ हरकती एका सहीत फेटाळल्या आणि ज्याला त्याला छापील पत्रं गेली. बाबाराव पत्र घेऊन परत आले.

"भाऊसाहेब, हे वाचा."

'आपली "हरकत नाही" ही हरकत फेटाळण्यात येत आहे.'

"आता मला हरकत घ्यावी लागंल का?" बाबारावांनी अगदी काळजीनं विचारलं.

*

कदम आणि शिंदे समोरासमोर राहतात. एकमेकांशी बोलत नाहीत, पण दोघांचे अर्ज कोर्टाबाहेरच्या एकाच टायपिस्टकडून आले. कदमांचा अर्ज असा: 'सदर खांब चांगला असल्यास माझ्या दारात बसवावा व धोकादायक असल्यास श्री. शिंदे यांच्या दारात बसवावा.' शिंद्यांचा अर्ज मी वाचून दाखवत नाही. टायपिस्टनं फक्त नावं उलटी केली होती!

*

आता ज्यांना हा खांब खरोखर हवा होता, त्या कमलबाईंबद्दल.

कमलबाई ई-रिक्षा चालवतात. सकाळी शाळेच्या मुली, दुपारी तहसीलच्या चकरा, संध्याकाळी बाजार. भाड्यानं राहतात वरच्या मजल्यावर, रिक्षा खाली. त्यामुळं चार्जिंगची वायर खिडकीतून निघायची, घरमालकाच्या गॅलरीवरून जायची, कडुलिंबाच्या फांदीवर विसावायची आणि मग रिक्षात उतरायची. शेजारच्या बायका त्या वायरीवर टॉवेल वाळत घालत.

घरमालकानं निर्वाणीचं सांगितलं होतं. "दिवाळीच्या आत वायर काढ, न्हाईतर रिक्षा काढ."

खांबाचं काय झालं ते विचारायला कमलबाई फेरी सोडून माझ्या टेबलाशी यायच्या.

"भाऊसाहेब, खांब व्हायलाय का न्हाई, तेवढं सांगा."

"हरकती निकाली निघाल्या तर होईल."

"न्हाई झाला तर रिक्षा इकून पुन्हा उसतोडीला जावं लागंल. पोरगी आठवीला हाय. ती बी मागं येईल मंग."

मी म्हणालो, "सध्या मोठी हरकत एकच आहे."

"ठाव हाय," त्या म्हणाल्या. "खुर्चीवर बसलीय."

*

ही हरकत म्हणजे किशनअण्णा. एस. टी. तले निवृत्त कंडक्टर. सगळी नोकरी परभणी-गंगाखेड साध्या गाडीवर काढली. अण्णांना गोष्टी सांगायचा भारी नाद. गाडीत बरं होतं. चालत्या गाडीतून पॅसेंजर उतरणार कुठं! निवृत्तीनंतर ते फाटकासमोर खुर्ची टाकून बसू लागले, आणि डेअरीच्या गल्लीतली माणसं मागच्या बोळानं येऊ-जाऊ लागली. अण्णांची एक गोष्ट गावात प्रसिद्ध होती. वऱ्हाडानं भरलेली गाडी पिंगळीला थांबते, नवरदेव चहा प्यायला खाली उतरतो आणि अण्णा घंटी मारतात! इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना पाठ. पुढची कुणालाच माहीत नव्हती. तोवर ज्याला त्याला काम आठवायचं. मलाही.

गल्लीत खांब बसवण्याइतकी रुंद जागा एकच, अण्णांच्या फाटकासमोर. आमचे इंजिनिअर खडू घेऊन जागा आखायला गेले, तर अण्णा खुर्चीवरून उठेनात.

"अण्णा, जरा बाजूला होता का? खूण करायचीय."

"करा की. मी कुठं हात धरलाय?"

शेवटी इंजिनिअरनी खाली वाकून खुर्चीच्या चार पायांच्या मध्ये फुली मारली. त्यांचं डोकं खुर्चीखाली असताना अण्णांनी विचारलं, "गाव कोणतं म्हणायचं तुमचं?"

तिसऱ्या दिवशी अण्णांची हरकत आली. एकच ओळ: 'सदर जागेवर मी बसतो.'

*

सुनावणीचा दिवस उजाडला. मुख्याधिकारी साहेबांच्या दालनात डेअरीची गल्ली गोळा झाली. उन्हातून येऊनही मंडळी ताजीतवानी. साहेबांना नवल वाटलं.

"एवढ्या लांबून कशात आलात सगळे?"

अप्पांनी छताकडं बघितलं. शिंद्यांनी पहिल्यांदाच कदमांकडं बघितलं. दारातून कमलबाई म्हणाल्या, "माझ्याच रिक्षात आले, साहेब. दोन फेऱ्या झाल्या. किशनअण्णा तेवढे राहिलेत, त्यांना घेऊन येते. तवर सुनावणी धरा."

मी लगबगीनं बाहेर गेलो. त्यांना जिन्याशी गाठून हळूच म्हणालो, "कमलबाई, हरकतदार गैरहजर राहिला तर त्याची हरकत आपोआप निकाली निघते. कळलं का?"

त्या दोन पायऱ्या उतरून थांबल्या. "म्हंजे अण्णा न्हाई आले तर खांब माझा?"

"माझ्या तोंडून काही ऐकलं नाही तुम्ही."

"पर भाऊसाहेब," त्या म्हणाल्या, "त्यांनी सकाळीच सांगितलंय, घ्यायला ये म्हणून. गुडघा धरलाय त्यांचा. फाटकात वाट बघत बसले असतील की."

आणि गेल्या. अण्णा आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.

"अण्णा, जागा रस्त्याची आहे," साहेब म्हणाले.

"माझी हाय असं मी कुठं लिवलंय? बसतो म्हणालो."

"मग दुसरीकडं बसा."

"दुसरीकडून माणसं दिसत न्हाईत, साहेब."

साहेबांनी बाकीच्या हरकती फेटाळल्या आणि म्हणाले, "अण्णा, तुमची एकट्याची राहिली. म्हाताऱ्या माणसाला उठवून मी खांब रोवणार नाही. दोन दिवसांत कळवा. मागे घेतलीत तर ठीक, नाहीतर खांब रेल्वे लाईनपलीकडच्या कॉलनीला जाईल."

कमलबाई दारातच उभ्या होत्या. "चला," एवढंच म्हणाल्या, आणि अण्णांना हाताला धरून खाली घेऊन गेल्या.

*

अण्णांसाठी केलेली जादा फेरी रिक्षाला भोवली. अर्ध्या वाटेत बॅटरी बसली. गल्लीकर अंधार पडायच्या आत चालते झाले. अण्णांचा गुडघा चालू देईना. रस्त्याकडेच्या चहाच्या हॉटेलवाल्यानं फ्रीजचा प्लग काढून कमलबाईंची वायर लावून दिली.

मी ऑफिस सुटल्यावर त्याच रस्त्यानं निघालो होतो. बघतो तर रिक्षा वायरीनं बांधलेली, आत मागच्या सीटवर अण्णा, पुढच्या सीटवर उलट तोंड करून कमलबाई.

"...आन् सगळं वऱ्हाड गाडीत, नवरदेव तेवढा खाली! मी घंटी मारली!"

"आगं बया! मंग?" कमलबाई म्हणाल्या.

अण्णांना या प्रश्नाची सवय नव्हती. घसा साफ करून ते पुढं सांगू लागले. हॉटेलवाला कपबशी घेऊन तिथंच थांबला. मीही स्कूटर स्टँडवर लावली. त्या दिवशी नवरदेवाचं पुढं काय झालं ते आम्हा सगळ्यांना पहिल्यांदा कळलं. इथं सांगत नाही. ती अण्णांकडूनच ऐकायची गोष्ट आहे.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधी अण्णा माझ्या टेबलासमोर.

"माझी हरकत परत द्या."

"परत देता येत नाही अण्णा, मागे घेता येते. कारण काय लिहू?"

"हरकत घेताना कारण लागतं. मागं घ्यायला बी लागतंय का?"

"नाही."

"मंग खामखा कशाला इचारायलाव?" ते उठले, दारापर्यंत गेले आणि वळले. "खांब जरा बाजूला घ्या म्हणावं. शेजारी खुर्ची बसली पायजे."

*

खांब दिवाळीच्या आत उभा राहिला. कडुलिंबावरची वायर निघाली, बायकांनी टॉवेलसाठी नवी दोरी बांधली. झरीची, पिंगळीची स्कूटरवाली मंडळी बाजाराला आली की चार्जिंगला डेअरीच्या गल्लीत येऊ लागली. एकदा वायर लावली की तास-दोन तास जागचं हलता येत नाही, आणि शेजारी अण्णा! आता ते खुर्चीवर ताठ बसत. गाडी लागली रे लागली की, "या, बसा. गाव कोणतं?" एक पोरगा गाडीवरच डुलक्या घेऊ लागला, तर अण्णांनी त्याला हलवून जागं केलं. "पिंगळी आली, ऊठ!"

दरम्यान मी निवृत्त झालो.

*

परवा अण्णांचा निरोप आला, ताबडतोब या. गेलो तर अण्णा खुर्चीत, खांबाला रिक्षा लावून कमलबाई शेजारी उभ्या, आणि अण्णांच्या हातात नगरपालिकेची नवी नोटीस. खांब काढून त्या जागी 'जलद प्रभारण केंद्र' बसवायचं आहे. नागरिकांच्या हरकती व सूचना असल्यास कळवाव्यात.

"तुमचं अक्षर चांगलं हाय," अण्णा म्हणाले. "हरकत लिवून द्या."

जन्मभर लोकांच्या हरकती घेतल्या, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. मी कागद काढला. "कारण मजबूत आहे अण्णा. कमलबाईंच्या बॅटरीला जलद चार्जिंग चालत नाही. हा खांब गेला तर त्यांची वायर पुन्हा झाडावर. हेच लिहू."

"ते तिचं कारण झालं. ती तिचं लिवंल."

"मी कालच दिलंय," कमलबाई म्हणाल्या. "पोच बी घेतलीय."

"बघा," अण्णा म्हणाले. "माझं माझं लिवा."

"मग तुमचं कारण काय?"

अण्णांनी नोटिशीतल्या 'जलद' या शब्दावर बोट ठेवलं.

"आमी साध्या गाडीवरची माणसं, भाऊसाहेब. हे जलद आलं की माणूस अर्ध्या तासात उठून जायलाय. काय सांगणार तेवढ्यात?"

"अण्णा, हे सरकारी कागदात कसं बसवू?"

"मी सांगतो तसं बसवा."

आणि मी त्यांनी सांगितलं ते कार्यालयीन भाषेत, सुवाच्य अक्षरात लिहून काढलं: 'जलद प्रभारणामुळे नवरदेव पिंगळीलाच राहतो, करिता हरकत.'