एक नग हार्ड डिस्क, केबलसह

माझ्याकडे दोन हार्ड डिस्क आहेत, आणि त्या दोन्ही एकाच वेळी माझ्या घरात कधीच नसतात. पत्त्यांच्या कॅटाएवढ्या काळ्या डब्या. एकीवर मी पांढऱ्या रंगाने ‘अ’ लिहिलंय, दुसरीवर ‘ब’. अ घरी असली की ब टी. टी. नगरला काकांकडे. दर दुसऱ्या रविवारी ताजी भरलेली डिस्क घेऊन मी स्कूटरवर जायचं, ती काकांना द्यायची आणि त्यांच्याकडची शिळी परत आणायची.

हे वेड मला जन्मजात नाही. मंडीदीपच्या कारखान्यांसाठी मी घरी बसून कॉम्प्युटरवर मशीनच्या भागांची ड्रॉइंग करते. काही वर्षांपूर्वी एका सकाळी कॉम्प्युटर बसला तो बसलाच. तीन आठवड्यांचं काम गेलं, आणि आईच्या शेवटच्या दिवाळीचे फोटोही गेले. दुरुस्तीवाल्याने शांतपणे विचारलं, “मैडम, बैकअप नहीं लिया था?” मी त्याच्यावरच चिडले, तरातरा बाहेर पडले आणि समोरच्या दुकानातून एकदम दोन हार्ड डिस्क विकत घेतल्या. नंतर कुठेतरी नियम वाचला: कामाच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगवेगळ्या वस्तूंवर, आणि त्यातली एक घराबाहेर. आग लागो, चोरी होवो, घराबाहेरची वाचते. मी नियम पाळणारी बाई आहे. घराबाहेरची म्हटल्यावर मला काकांचंच घर आठवलं. काका आयुष्यभर सरकारी अभिलेखागारात होते, जुनी कागदपत्रं जपायची हीच त्यांची नोकरी. माझी डिस्क त्यांनी लोखंडी कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या शेजारी ठेवली. परत आली की तिला लग्नातल्या शालूसारखा वास यायचा.

अडचण एकच होती. बाबा माझ्याकडे राहतात, आणि बाबा काकांशी बोलत नव्हते.

कारण सांगताना मला हसू येतं, पण घरात तेव्हा हसायची सोय नव्हती. चुलत बहिणीच्या लग्नाची पत्रिका छापून आली, तेव्हा निमंत्रकांच्या यादीत बाबांचं नाव मुलीच्या मामांच्या खाली होतं. बाबा घरातले थोरले. नागपूरहून सरकारी कचेऱ्या भोपाळला आल्या तेव्हा आजोबांचं बोट धरून आलेले, धाकट्या भावाचं बोट स्वतः धरून. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “प्रूफ कोणी तपासलं?” काका म्हणाले, “दादा, तुम्हाला पोरीपेक्षा पत्रिका मोठी झाली काय?” झालं. लग्नात बाबांनी अक्षता टाकल्या आणि न जेवता घरी आले. कडक इस्त्रीच्या कोटातच ओट्यापाशी उभं राहून त्यांनी दही-पोहे खाल्ले.

त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. पहिलं पाऊल धाकट्याने टाकायचं, यावर बाबा अडून बसलेले. पण मी रविवारी टी. टी. नगरहून परतले की वर्तमानपत्राआडून प्रश्न यायचा, “आहेत का सगळे?” मी म्हणायची, “आहेत.” मग पान उलटल्याचा आवाज. त्यांना भाऊ हवा होता, नुसता हवा नाही, फार हवा होता. पण विचारलं असतं तर त्यांनी मलाच वेड्यात काढलं असतं.

डिस्क पहिल्यांदा देऊन आले त्या दिवशी बाबांनी विचारलं, “सही घेतलीस?”

“कशावर?”

बाबा सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं आवक-जावक सांभाळत होते. सही न घेता वस्तू हातावेगळी केली हे ऐकून त्यांना रात्री गॅस चालू राहिल्यासारखं वाटलं असावं. दुसऱ्याच दिवशी ते न्यू मार्केटला जाऊन लांबट, लाल पाठीचं रजिस्टर घेऊन आले. पट्टीने रकाने आखले: क्रमांक, दिनांक, वस्तू, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, आणि शेवटी रुंद रकाना, अभ्युक्ति. म्हणजे आपला शेरा. दोघा भावांची नोकरी सगळी हिंदीत झालेली, त्यामुळे कागद म्हटला की त्यांची लेखणी आपोआप हिंदीत चालते. पहिली नोंद बाबांनी स्वतः केली: “हार्ड डिस्क, काली, एक नग, केबल सहित।”

मी ते रजिस्टर घेऊन गेले तेव्हा मला लाज वाटत होती. काकांनी मात्र ते दोन्ही हातांत घेतलं, आणि त्याच्या लाल पाठीवरून हात फिरवला. मग काकूला म्हणाले, “लिही.” त्यांनी सांगितलं, तिने लिहिलं: “एक नग प्राप्त। केबल डिस्क के सहित नहीं, पृथक थैली में पाई गई।”

घरी आल्यावर बाबांनी ते वाचलं. चेहरा लालबुंद. “थैली में पाई गई! हा मला शिकवून राहिला!” पण त्या संध्याकाळी ते रद्दी कागदावर उत्तराचा मसुदा करत बसले, दोनदा खोडला, आणि जेवायला बसताना चक्क गुणगुणत होते.

तिथून जे सुरू झालं त्याला मी भांडण म्हणू की पत्रव्यवहार, मला अजून ठरवता आलेलं नाही. “थैली की चेन खराब। सुधार अपेक्षित।” “चेन सुधारी गई। प्रेषक भविष्य में झटका न दे।” झटका मी देत होते, पण माझं कोण ऐकतंय. एकदा काकूने डिस्कबरोबर साबुदाणावडे दिले. पुढच्या नोंदीत बाबांनी लिहिलं, “वड़े सात नग प्राप्त।” काकांचा शेरा आला, “प्रेषण के समय आठ थे। जाँच की जाए।” बाबांनी खरोखर जाँच केली. खुर्चीत बसून, मला समोर उभं करून. मी रोशनपुऱ्याच्या सिग्नलला एक खाल्ला होता, कबूल करून टाकलं. माझ्या नावाने रीतसर नोंद झाली आणि मला ताकीद मिळाली.

मला हे सगळं गंमत म्हणून सांगता आलं असतं, पण एक गोष्ट मला माहीत होती आणि बाबांना नव्हती.

काकांची नजर जात होती. डोळ्याच्या पडद्याचा आजार. मधलं सगळं धूसर होत जातं, फक्त कडेचं तेवढं दिसत राहतं. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, नजर जाणं लांबवू म्हणाले, थांबवू म्हणाले नाहीत. काकूच्या हाताने लिहून घ्यायचे ते त्यासाठी. सही ते स्वतः करायचे, काकू त्यांचं बोट रकान्यावर नेऊन ठेवायची. मी बाबांना सांगते म्हटलं तर काकांनी माझा हात घट्ट धरला. “नको. तुझ्या बापाला सांगितलं ना, तो धावत येईल. मला तसा आलेला नाही पाहिजे. त्याला यावंसं वाटेल तेव्हा येऊ दे.”

“आणि तोवर तुम्हाला दिसेनासं झालं तर?”

काका हसले. “मग आवाज ऐकीन.”

मी वचन दिलं आणि दर पंधरा दिवसांनी त्याचा पश्चात्ताप केला. कारण बाबांची समजूत निराळीच झाली होती. “बायकोला डिक्टेशन देऊन राहिला! रिटायर झाल्यावर साहेब झाला! आणि सही पाहा, मुद्दाम वेडीवाकडी करतो.” शेवटी त्यांनी अभ्युक्तीत लिहिलंच, “प्राप्तकर्ता के हस्ताक्षर अस्पष्ट। कृपया स्पष्ट करें।” ते मला काकांना वाचून दाखवावं लागलं. काका डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले आणि म्हणाले, “लिही, सुधारण्याचा प्रयत्न करण्यात येईल.” काकूने लिहिलं आणि पदराने तोंड पुसत आत निघून गेली. त्या दिवशी मला दोन्ही म्हाताऱ्यांचा मनापासून राग आला होता.

मग तो सोमवार आला. आदल्या दिवशी मी ताजी डिस्क काकांकडे दिली होती आणि शिळी घरी आणली होती. शिळीवर नवीन काम चढवायचं ते सोमवारी घरी परतल्यावर, असं ठरवून मी सकाळी लॅपटॉप घेऊन मंडीदीपला गेले. तिथे एका कारखान्यात माझ्या ड्रॉइंगवरून पत्रा कापायला सुरुवात होणार होती. इंजिनिअरच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. पडदा काळा. पुन्हा चालू केला. काळा. मशीनपाशी माणसं हात बांधून उभी होती.

घाबरले नाही. अशाच दिवसासाठी तर मी नियम पाळत होते! आजची ड्रॉइंग होती ती फक्त काकांकडच्या ताज्या डिस्कवर. काकांना फोन लावला. काकू भजनी मंडळात गेली होती, ते एकटेच. कपाट उघडल्याचा आवाज आला, बराच वेळ खुडबूड झाली. “काळं चपटं दोन सापडलं. एक टीव्हीचं रिमोट वाटतंय. दुसरं चष्म्याचं घर असेल. तुझं कोणतं, समजून नाही राहिलं बाई.”

मग मी घरी फोन केला. “बाबा, माझं काम अडलंय. काका एकटेच आहेत, त्यांना डिस्क सापडत नाहीये. तुम्ही जाऊन शोधा आणि टॅक्सीने इकडे पाठवून द्या.” त्या क्षणी माझ्या मनात भावाभावांचं काहीही नव्हतं, मला माझी ड्रॉइंग हवी होती. मी म्हटलं, “बाबा, तुम्ही गेला नाहीत तर माझं हे काम जाईल.”

“रजिस्टर कुठे ठेवलंस?” बाबांनी विचारलं.

आधीच सांगून टाकते, डिस्क त्या दिवशी मंडीदीपला पोहोचली नाही. संध्याकाळी मी स्वतःच जाऊन आणली, पत्रा दुसऱ्या दिवशी कापला गेला, आणि इंजिनिअरने आठवडाभर मला टोमणे मारले. पण त्या दुपारी, मी फोन केल्यावर अर्ध्या तासाने, बाबांचा फोन आला. “पोचलो. जिना चढतोय,” एवढंच बोलले आणि फोन खिशात टाकला. फोन बंद करणं त्यांना कधी जमलेलं नाही. मी बंद करायला हवा होता. केला नाही, कान देऊन ऐकत बसले.

बेल वाजली. सपाता घासत आल्या. कडी निघाली.

“कोण?” काकांचा आवाज.

“कोण म्हणजे?” बाबा भडकले. “आता ओळखही दाखवायची नाही?”

मग काका अगदी हळू म्हणाले, “दादा?”

“एक नग न्यायला आलोय. सही कर.”

“उभ्यानं सही होत नाही. आत या.”

खुर्च्या सरकल्या. रजिस्टर टेबलावर आपटलं. “हे घे पेन. इथे. चौथा रकाना.” पेनचं टोपण निघालं. “अरे, इथे. इथे रे! टेबलाच्या कापडावर काय करून राहिला?”

पेन काढून घेऊन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. इंजिनिअर येऊन विचारू लागला, “मैडम, और कितनी देर?” मी त्याला हातानेच गप्प केलं.

“कधीपासून?” बाबांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

“झाली असतील दोन-अडीच वर्षं.”

“आणि मला सांगितलं नाहीस.”

“तुम्ही विचारलं नाही, दादा.”

बाबा यावर भांडतील असं मला वाटलं. भांडले नाहीत. “नाही विचारलं,” म्हणाले. “चुकलं माझं.” उभ्या आयुष्यात बाबांच्या तोंडून मी हे शब्द ऐकले नव्हते, लेखी तर नाहीच नाही.

“समोर नका बसू,” काका म्हणाले. “समोर सगळं धुकं आहे. इकडे बाजूला या. बाजूचं मला अजून दिसतं.”

थोरल्या भावाने नेहमी समोरच्या खुर्चीत बसायचं, हे आमच्याकडे कधी कुणी ठरवलं नव्हतं, पण कधी मोडलंही नव्हतं. फरशीवर खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“अजून थोडं.”

पुन्हा ओढली.

“अजून... हां. हां, आता दिसले.” मग काकांनी विचारलं, “दादा, मिशी कधी काढली हो तुम्ही?”

“दोन वर्षं झाली,” बाबा म्हणाले.

मी फोन बंद केला, कारण मला रडू आवरेना आणि इंजिनिअर अजून समोरच उभा होता.