यासीनचाचांची ट्रायल

यासीनचाचा डायलिसिसच्या खुर्चीत बसण्याआधी मशीनला कान लावायचे. डोळे मिटून, तोंड थोडं उघडं ठेवून ते ऐकत राहायचे आणि मागचे पेशंट खोळंबायचे. मशीनचं समाधान झालं की डावं मनगट कानाशी न्यायचे. आमच्या पेशंटच्या हातात ऑपरेशन करून दोन रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात, तिथून रक्त घूंघूं करत वाहतं आणि कान लावला तर ऐकू येतं. ते ऐकून झालं की म्हणायचे, "दोन्ही इंजिनं चालू आहेत सिस्टर. लावा सुया." मी सिस्टर नाही, टेक्निशियन आहे, हे मी त्यांना पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. पुढे सांगायचं सोडून दिलं.

कासारवाडीला स्टेशनजवळ त्यांचं गॅरेज होतं. चाकणच्या कंपन्यांचा माल वाहणाऱ्या टेम्पोंचे ब्रेक आणि क्लच, एवढंच काम. चाळीस वर्षं तेच केलं, मग किडन्या गेल्या आणि गॅरेज पुतण्याने चालवायला घेतलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सहाची बॅच. चाचा तिला पहिली शिफ्ट म्हणायचे आणि पावणेसहाला हजर असायचे. मी लातूरकडची, स्वभावाने घाबरट. रोज सकाळी सेंटरचं दार उघडताना कोण आलं आणि कोण नाही, हे मोजल्याशिवाय माझा जीव खाली बसत नाही. चाचांना आधी बघितलं की निम्मी भीती जायची.

त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन खुर्च्या. उजवीकडे चऱ्होलीच्या विमलताई. त्यांच्या शेतावर आता बारा मजली सोसायटी उभी आहे आणि त्या तिथेच नवव्या मजल्यावर राहायच्या. "आमी जिथं कांदा लावायचो तिथं आता लोकं गाड्या लावत्यात," असं हसत सांगायच्या. डावीकडे दत्ता, वय अठ्ठावीस, परभणीचा. चाकणला पार्टच्या कंपनीत होता, आजार कळल्यावर कंत्राट वाढवलं नाही. तेव्हापासून तो गुरुवार बुडवू लागला होता. विचारलं तर म्हणायचा, "येऊन तरी काय करायचं ओ मॅडम. दर वेळी तेच चालू हाय."

या लोकांना दिवसाला लिटरभर पाणी, तेही चहा-आमटी धरून. लघवी होत नाही, म्हणून प्यायलेलं सगळं अंगात साठतं आणि वजनात दिसतं. त्यामुळे आमच्याकडे पेशंट डॉक्टरांना घाबरत नाहीत, वजनकाट्याला घाबरतात. कुणी लग्नात सरबत प्यालं, कुणी गुपचूप बर्फ चघळला, सगळं काटा मला सांगतो. दत्ता काट्यावर चढताना खिशातला मोबाइल काढून ठेवायचा, मग पट्टा काढायचा. एकदा चष्माही काढला. चाचा खुर्चीतून म्हणाले, "अरे, दात काढून ठेव आता. डिझेल टाकीत असतं भावा, टपावर नसतं."

एका शनिवारी मागच्या खोलीतलं पाणी शुद्ध करायचं यंत्र दुरुस्त होत होतं, म्हणून सगळे ताटकळले होते. चाचांनी विचारलं, "एका माणसाला किती पाणी लागतं?" मी म्हटलं, शंभर-सव्वाशे लिटर, एका वेळेला. "आणि येतं कुठून?" मी म्हटलं, महापालिकेचं पाणी, पवना धरणातून. चाचांनी उठून मागच्या खोलीत डोकावून बघितलं. मग म्हणाले, "सहा वर्षं ते पाणी माझं रक्त धुतंय आणि मी एकदा त्याच्या दारात गेलो नाही. बरं दिसत नाही ते."

विमलताई लगेच म्हणाल्या, "मग जाऊ की. पवनानगरला माझ्या चुलतभावाचं घर हाय, अंगणातनं पाणी दिसतंय." दत्ताने मान वळवली. गेल्या दोन महिन्यांत मी त्याला स्वतःहून कशाकडे बघताना पाहिलं नव्हतं. चाचांनीही ते पाहिलं असणार, कारण ते त्याच्याकडेच बघत म्हणाले, "पण जो शिफ्ट बुडवेल त्याला गाडीत घेणार नाही." पुढच्या गुरुवारी दत्ता पावणेसहाला आला.

मी मात्र तेव्हाच दिवस मोजायला लागले. एरवी दोन डायलिसिसच्या मध्ये एकच दिवस रिकामा असतो, शनिवारनंतर दोन. जायचं तर त्याच दोन दिवसांत. आणि आमच्याकडे वाईट बातमी येते ती बहुतेक वेळा सोमवारी येते. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "पथ्य पाळलं तर काही हरकत नाही. वजनं बघून तूच सांग कधी जायचं ते." म्हणजे जबाबदारी फिरून माझ्याच गळ्यात पडली.

चाचांनी त्यावर गॅरेजचा उपाय काढला. ब्रेकचं काम झालं की ते गिऱ्हाइकाला शेजारी बसवून गाडी पळवून आणायचे, त्याशिवाय चावी द्यायचे नाहीत. "गाडी गॅरेजमध्ये खोटं बोलते, रस्त्यावर खरं," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. तर आपणही ट्रायल घ्यायची. रविवार-सोमवार तिघांनी आपापल्या घरी, पण पवनेच्या तळ्यावर असल्यासारखं राहायचं. डब्यातलं जेवण, बाटलीत मोजून पाणी, आणि मंगळवारी काटा. दोन किलोच्या वर एकाचंही वजन वाढलं तर ट्रायल नापास आणि तिघांनी पुन्हा. मला ही कल्पना फार आवडली. एवढ्यात कुणी जाणार नाही, हा त्यातला मला आवडलेला भाग होता.

पहिल्या ट्रायलला दत्ता नापास झाला. दुसऱ्या वेळी विमलताईंच्या नात्यात साखरपुडा निघाला. तिसऱ्यांदा तिघेही पास झाले. दत्ता तर एक किलो सहाशेवर आला आणि काट्यावरून उतरायलाच तयार होईना. मी चाचांकडे बघितलं. ते म्हणाले, "आवाज येतोय अजून." गाडीत नेमकं काय बिघडलंय ते सापडत नसलं की ते असं म्हणायचे. म्हटलं, कसला आवाज? तर ठरवलेल्या गाडीचा ड्रायव्हर नवखा आहे. ड्रायव्हर बदलला. मग तळ्याकाठी मोबाइलला रेंज नसते असं कळलं. मग वाटेतली हॉस्पिटलं बघायला पुतण्याला दोनदा पाठवलं. मग थंडी फार पडली.

दर वेळी ते माझ्याकडे बघायचे आणि मी मान डोलवायचे. खरं म्हणजे मीच त्यांना नवनवे आवाज पुरवत होते. जेट्टीवर पाय घसरला तर? कुणी शहाळं प्यायलं तर? शहाळ्यातलं पोटॅशियम या लोकांचं हृदय बंद पाडू शकतं, आणि तळ्याकाठी गाड्यावर दुसरं काय मिळतं? चाचा म्हणायचे, "सिस्टर बरोबर बोलते." दिवाळीत ठरलेली सहल होळीपर्यंत आली. दत्ता एकही दिवस बुडवत नव्हता, पण विचारायचंही त्याने सोडलं होतं.

अशाच एका शनिवारी विमलताई निघताना दारात थांबल्या. "चाचा, तारीख सांगा की. सुनेला आधी सांगावं लागतंय, तिची शिफ्ट असती." चाचा मशीनच्या नळ्यांकडे बघत राहिले. उत्तर मी दिलं. म्हटलं, "घाई काय आहे ताई? तळं कुठं पळून जातंय?" त्या म्हणाल्या, "न्हाई, तळं काय जातंय," आणि सुनेच्या स्कूटीवर मागे बसून गेल्या.

सोमवारी दुपारी त्या घरी, स्वतःच्या पलंगावरच वारल्या. नवव्या मजल्यावर, सगळी पथ्यं पाळून. सुनेने फोन केला तेव्हा मी पहिला प्रश्न काय विचारला असेल, तर पाणी किती प्यायल्या होत्या. याची मला आजही लाज वाटते. ती म्हणाली, "सकाळपासून अर्धा पेला. दर रविवार-सोमवारी त्यांची ती ट्रायल चालूच असायची ना."

मंगळवारी चाचा आले, ते मशीनकडे न बघता खुर्चीत बसले. त्यांचा रक्तदाब बराच वर होता. मी सुया लावल्या. दत्ता भिंतीकडे तोंड करून पडला होता. मशीन चालू झालं तेव्हा चाचा बोलले, "उभ्या गाडीची बॅटरी उतरते. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो. मला आवाज कसलाच येत नव्हता बेटा. मला भीती वाटत होती." मला त्यांनी बेटा म्हटलं ते तेव्हा पहिल्यांदा. मी म्हटलं, "मलाही वाटत होती चाचा. तुमच्यापेक्षा जास्त." ते म्हणाले, "ते दिसत होतं. म्हणून तर तुला विचारायचो."

येत्या रविवारी जायचं ठरलं. ट्रायल नाही, काही नाही. विमलताईंच्या चुलतभावाला सुतक होतं, म्हणून शेजारच्यांनी खोल्या दिल्या. मी रजा टाकून बरोबर गेले. बॅगेत रक्तदाबाचं यंत्र, औषधं आणि घरचा वजनकाटाही घेतला. दत्ता म्हणाला, "मॅडम, मशीन तेवढं राहिलं की ओ."

पवनानगरचा बाजार संपला आणि पाणी दिसलं. चाचा गाडीतून उतरले, चपला काढल्या, काठापर्यंत गेले आणि कमरेत जरा वाकून म्हणाले, "सलाम आलेकुम. यासीन, कासारवाडीवाला. यायला उशीर झाला, माफ करा." दत्ता हसला आणि हसता हसता रडायला लागला. मग गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिला. सुयांच्या हाताला पाणी लागू नये म्हणून डावा हात त्याने डोक्यावर धरला होता. मी दोन दिवसांत किती वेळा त्यांच्या पायांवर बोट दाबून सूज बघितली त्याला गणती नाही. चाचा दगडावर बसून अर्धा कप चहा अर्धा तास पीत होते. एकदा मी घड्याळ बघताना सापडले तेव्हा म्हणाले, "बस गं जरा. ब्रेकवर पाय ठेवून किती चालवशील?" मी बसले. पण खोटं कशाला सांगू, भीती गेली नाही. मंगळवारी सकाळी दोघं सेंटरच्या पायऱ्या चढताना दिसले तेव्हा कुठे गेली. वजनं दोघांचीही दोन किलोच्या आतच वाढली होती.

यासीनचाचा त्यानंतर वर्षभर जगले. आता ते मला कारणं विचारत नसत, फक्त तारीख सांगत. आळंदीला मित्राकडे गेले, भाच्याच्या निकाहाला साताऱ्याला जाऊन आले. मग म्हणाले, मुलीकडे जायचंय, मिरजेला. आजारपण आल्यापासून नसीमच इकडे यायची, ते कधी गेले नव्हते. एवढं लांब म्हटल्यावर मी आधी नकोच म्हणणार होते. तरी मी मिरजेच्या सेंटरला फोन करून मंगळवारची वेळ घेतली, डॉक्टरांकडून पत्र घेतलं आणि शनिवारी डायलिसिस झाल्यावर ते त्यांच्या खिशात ठेवलं. दत्ता त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला.

सोमवारी संध्याकाळी नसीमचा फोन आला. तिचा आवाज ऐकताच मला कळलं. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत. मीच वेळ घेतली होती, मीच पत्र आणलं होतं. मी म्हटलं, "नसीम, मी त्यांना सोडायला नको होतं."

ती म्हणाली, "असं नका म्हणू ताई. माझ्या लग्नाला पाच वर्षं झाली. अब्बांनी परवा पहिल्यांदा माझं घर बघितलं."