तेल चोळून बघणारा

उदगीरच्या नाक्यावरचा आमचा मेकॅनिक आधी इंजिनाचं तेल दोन बोटांत चोळून बघतो, मग माणसाकडे. बोलणं मोजकंच. ऑइल बदला म्हणून त्यानं मला दोनदा सांगितलं होतं. मी दोन्ही वेळा ‘पुढच्या महिन्यात’ म्हणालो.

परवा लातूरला लेकीला कळा सुरू झाल्याचा फोन आला. निघताना त्याच्याकडे हवा भरायला थांबलो. सवयीनं त्यानं बॉनेट उघडलं, तेल चोळलं आणि गाडीची किल्ली काढून खिशात टाकली.

“गुरुजी, तेलाचं डांबर झालंय. वाटंतच इंजिन जाम हुईल.”

“अरे, लेक दवाखान्यात आहे!”

“म्हून तर.” त्यानं स्वतःच्या जीपची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

नात झाली तेव्हा मी दवाखान्यात होतो. पहिला फोन त्यालाच केला.

“लई चांगलं झालं,” तो म्हणाला. “जीपच्या रेडिएटरचं पाणी बघितलं का?”