चोरलेली सदाफुली

भामाक्कांनी चोरी केली, पण आधी सांगून. आमच्या शनिशिंगणापुरात घरांना दारं नाहीत, चोरी केली तर शनिदेव सोडत नाही ही श्रद्धा, आणि त्यात भामाक्का जन्मभर शनिवार पाळणाऱ्या. अशा बाईवर ही वेळ आणली माझ्या सदाफुलीनं.

मी संगमनेरहून बदली होऊन इथल्या शाळेत आले, तेव्हा कुंडीतली सदाफुली बरोबर आणली होती. वीतभर उंचीचं गच्च झुडूप, बारा महिने गुलाबी फुलं. शेजारच्या भामाक्कांचा तिच्यावर जीवच जडला. मी त्यांना तीन रोपं दिली. तिन्हींनी आठ दिवसांत माना टाकल्या. कारण उघड होतं, अक्का लाडापोटी सकाळ-संध्याकाळ कळशीभर पाणी ओतायच्या. मी तसं सांगितलं, तर माझीच कीव करत म्हणाल्या, "मॅडम, तुमी शिकल्याल्या, पन तुमाला ठावं न्हाई. दिल्यालं मरतं, चोरल्यालं तरतं."

"मग चोरा की!"

"देवाच्या गावात? साडेसाती लागंल ना माज्या मागं!"

चार दिवस त्यांना घास गोड लागेना. दारापुढं सदाफुली हवीच होती. शेवटी तोडगा घेऊन आल्या. "उद्या दुपारी चोरी करते. तुमी घरातच ऱ्हावा, पन नसल्यावानी."

दुसऱ्या दिवशी बाहेर मुद्दाम काढलेला खोकला ऐकू आला. "मॅडम, हाय का घरात?"

"नाही!" भिंतीकडे तोंड करून मी ओरडले.

रोप चोरीला गेलं. शनिवारी अक्कांनी देवाला दोन वाट्या तेल वाहिलं. "येक माजी, येक तुमची. तुमी बी सामील हायेत."

चोरीचा माल म्हणून त्यांनी रोप दारापुढं न लावता घरामागच्या मुरमाड जागेत लपवलं. कुणी बघू नये म्हणून पाणीही चोरूनच, ओंजळभर. सदाफुली अशी फोफावली की बघत राहावं! "बगा, मी काय म्हनले हुते?" अक्का विचारायच्या. मी हात टेकले.

मागच्या वर्षी भामाक्का गेल्या. फार चुकल्यासारखं होतं मला. यंदा मे महिन्याच्या सुटीत माझी कुंडी वाळली, म्हणून त्यांच्या घरी गेले. सून मला मागच्या अंगणात घेऊन गेली आणि लगेच एक रोप उपटायला वाकली.

"नको गं," मी म्हणाले, "दिलेलं मरतं."

ती हसली आणि घरात गेली. मी मुद्दाम खोकले. "सूनबाई, आहेस का गं घरात?"

"न्हाई!"