अक्काची बाळंतीण

सकाळचा चहा घेत होतो तेव्हा नांदेडहून सुलोचनाबाईंचा फोन आला. त्या अक्काच्या शेजारीण. एरवी फोन केला की लातूरला नळाला पाणी आलं का, हे विचारून मला डिवचल्याशिवाय त्या पुढचं बोलत नाहीत. त्या दिवशी नुसतं म्हणाल्या, "भाऊ, अक्का उठंनात... तुमी निघा." त्यांच्या आवाजामागे मांजर ओरडत होती. ते ऐकलं आणि पुढचं काही विचारायची गरज राहिली नाही. अक्काच्या घरात ती मांजर सकाळी उपाशी ओरडते आहे, असं कधी होणं शक्यच नव्हतं.

झोपेतच हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. असं मरण नशिबानं मिळतं, हे भेटायला येणाऱ्या प्रत्येकानं मला ऐकवलं. मला ते पटत नाही. काही माणसांचं एखादं काम मनात राहिलेलं असतं आणि तेवढ्यापुरता तरी त्यांना वेळ मिळायला हवा. अक्काला तो मिळाला नाही. तिला जाऊन आता काही आठवडे झालेत, पण ही हळहळ काही केल्या कमी होत नाही...

अक्का माझी थोरली बहीण. तिनं लग्न केलं नाही. किनवट तालुक्यातल्या मुलींच्या एका निवासी शाळेत अधीक्षिका म्हणून तिनं उभी हयात काढली. आमच्या आईवडिलांच्या पिढीनं बौद्ध धम्म घेऊन देव सोडले, पण शाळा घट्ट धरून ठेवली, आणि ती धरलेली शाळा अक्कानं जंगलातल्या वाड्यावस्त्यांपर्यंत नेली असं मी गमतीनं म्हणायचो. तिथल्या पोरींना वेणी घालण्यापासून नोकरीचा अर्ज भरण्यापर्यंत सगळं तिनं शिकवलं. शिस्त अशी की पोरीच काय, मीसुद्धा तिच्यासमोर पाय पसरून बसत नसे. आणि मांजर म्हटलं की तिचा हात आधी केरसुणीकडे जायचा, कारण वसतिगृहाचं दूध मांजरांनी कितीदा तरी उष्टावलेलं होतं.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात तिचा फोन आला तेव्हा मला आधी खरंच वाटेना. गल्लीतल्या कुत्र्यांनी एका मांजरीला नालीच्या पाइपात कोंडलं होतं. पोट जमिनीला टेकलेलं, मागचा पाय फाटलेला. अक्कानं तीच केरसुणी कुत्र्यांवर उगारली आणि मांजरीला टॉवेलात गुंडाळून घरी आणलं. दोन्ही हातांवर ओरखडे, त्याची इंजेक्शनं, आणि वर मला फोन, "बापू, ही पोटुशी हाय रे. आता कुठं टाकू हिला?"

"तिनं माहेर निवडलंय, तू कोण टाकणारी?" मी म्हणालो. "डिंक-खोबरं पाठवू का लातूरहून?"

"डिंक तू खा. डॉक्टर म्हणला, अंडी उकडून दे आन् गाईचं दूध अजिबात देऊ नको."

मग तिनं पलंगामागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात खोकं ठेवलं, त्यात जुनी मऊ साडी अंथरली. सुलोचनाबाईंना टीव्हीचा आवाज कमी करायला लावला. दाराची घंटा बंद केली. एवढी बडदास्त झाल्यावर बाईसाहेबांनी काय करावं? खोक्याकडे पाठ फिरवली, लोखंडी कपाटाचा खालचा खण गाठला आणि अक्काच्या खळ दिलेल्या, इस्त्रीच्या साड्यांवर तीन पिलं घातली. अक्का चिडली नाही. तिसरं पिलू फारच अशक्त होतं, भावंडं त्याला ढकलून देत. अक्का त्याला उचलून पुन्हा पुन्हा आईच्या दुधाला लावायची, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्या पाठीशी ठेवायची. मांजरीला तिनं नाव ठेवलं नाही. नाव ठेवलं की जीव अडकतो म्हणायची. नुसती 'बाळंतीण'. पिलं घरभर धावायला लागली तरी त्यांची आई बाळंतीणच राहिली.

मांजर पिलांना सात घरं दाखवते, तिला अडवू नका, असं सुलोचनाबाईंनी बजावलं होतं. अक्काचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण बाळंतिणीनं एकेक पिलू मानेला धरून कपाटातून धान्याच्या कोठीमागे आणि तिथून शिलाई मशीनखाली हलवलं, तेव्हा अक्का हातात फडकं घेऊन तिच्या मागोमाग फिरत होती. "एका घरातच सात घरं करून राहिली बघ ही," फोनवर सांगताना ती हसत सुटली. तिला इतकं मोकळं हसताना मी फार दिवसांनी ऐकलं.

पिलं स्वतःचं खायला लागल्यावर अक्कानं त्यांना घरं शोधली. एक हदगावला सुलोचनाबाईंच्या भावाकडे, एक कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, आणि ते अशक्त पिलू इस्लापूरला कमलबाईंकडे. कमलबाई म्हणजे अक्काच्या वसतिगृहातल्या जुन्या स्वयंपाकीण. न्यायला तिघंही एकाच दिवशी आले. अक्कानं बाळंतिणीपुढे उकडलेल्या कोंबडीची वाटी ठेवली, ती खाण्यात गुंतली तसं स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं आणि पुढच्या दारानं पिलं देऊन टाकली. "रडारड न्हाई, काय न्हाई," तिनं मला कौतुकानं सांगितलं. "होस्टेलात करायचो तसंच केलं."

होस्टेलातली ती रीत आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. शाळा सुरू होताना गावोगावच्या आया लहान लहान पोरींना सोडायला यायच्या. पोरी पदर सोडायच्या नाहीत, आयांचा पाय निघायचा नाही. अक्कानं त्यावर तोडगा काढला. पोरींना पंगतीला बसवायचं, पानात गोड वाढायचं आणि त्या जेवणात रमल्या की आयांना मागच्या दारानं काढून द्यायचं. वळून बघू नका, आठ दिवसांत रुळते, असं ती प्रत्येकीला सांगायची. दुसऱ्या वसतिगृहांच्या अधीक्षिका ही रीत तिच्याकडून शिकून गेल्या होत्या.

पण बाळंतीण रुळली नाही. मी नांदेडला गेलो तेव्हा ती कपाटाचा खण हुंगत होती, मग कोठीमागे, मग मशीनखाली, आणि पुन्हा कपाट. मांजरीच्या घशातून असा घोगरा आवाज निघतो हे मला माहीत नव्हतं. अक्का पलंगावर बसून नुसती बघत होती. तिच्या पुढ्यातलं ताट तसंच होतं. "बापू," ती म्हणाली, "मी हिला जेवायला घालून फसवलं रे." पिलं परत आणायचं तिनं तेव्हाच ठरवलं.

किराणा दुकानातलं पिलू पळून गेलेलं. हदगावच्या घरातली लेकरं रडायला लागली, त्यांच्याकडून परत आणणं तिला जमलं नाही. राहिलं इस्लापूरचं. ते आणायला आम्ही दोघं रेल्वेनं गेलो. या सगळ्यात बरेच आठवडे उलटले होते. कमलबाई चकितच झाल्या. "दिल्यालं पिलू मागं कामून न्याय लागलाव, बाई? लई रमलंय इथं."

"त्याच्या आईला दाखवते," अक्का म्हणाली. एवढंच.

नांदेडला आल्यावर तिनं टोपलीचं झाकण उघडलं. पिलू बाहेर आलं. बाळंतिणीनं लांबून बघितलं, जवळ येऊन हुंगलं... आणि फिस्कारून पंजा मारला. पिलू धावत अक्काच्या पायामागे जाऊन लपलं. अक्का तिथंच फरशीवर बसली.

"रेणुकाबी अशीच लपली होती माझ्या मागं," ती म्हणाली. रेणुका तिच्या वसतिगृहातली एक मुलगी. पहिल्या वर्षाच्या दिवाळीच्या सुटीत तिची आई सायत्राबाई तिला न्यायला आली, तर पोर आईकडे जाईना. अक्काच्या साडीमागे दडून राहिली. "मी आख्ख्या स्टाफला सांगत फिरले, पोर कशी रुळली बघा म्हणून. आन् सायत्रा तिथंच उभी होती, रिकामी पिशवी धरून."

"अक्का, ही मांजर आहे. मांजर विसरते. माणूस नाही विसरत."

"तुला काय माहीत?" ती म्हणाली.

रेणुका पुढे आईकडे गेली का, तिला आई राहिली का, हे अक्काला कळून घ्यायचं होतं, आणि सायत्राबाईला समोर बसवून एकदा माफी मागायची होती. तिनं कमलबाईंकडे निरोप दिला. कापसाची वेचणी उरकली की घेऊन येते, असं कमलबाईंनी कळवलं. अक्का वाट बघत राहिली. पिलू आणायला गेलो, तीच आमची शेवटची भेट.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, लोक जेवून गेले, आणि दुपार कलताना कमलबाई सायत्राबाईंना घेऊन आल्या. वाळलेली, काटक म्हातारी. मी दोघींना स्वयंपाकघरात चहाला बसवलं. ओट्याशेजारी अक्काचं स्टूल होतं. ती गेल्यापासून त्यावर कुणी बसलेलं नव्हतं. ती म्हातारीही बसली नाही, त्याच्यासमोर फरशीवर टेकली.

"रेणुका कशी आहे?" मी विचारलं.

"नर्स हाय पुण्याला. चांगलं चाललंय."

"तुमच्याकडं येते का?"

"येती की. पाव्हण्यावानी येती, दोन रोज ऱ्हाती, जाती." तिनं चहाचा कप खाली ठेवला. "बाईंनी मला कामून बोलावलं होतं?"

अक्काच्या वतीनं बोलायचा मला काय अधिकार होता? पण दुसरं कुणी नव्हतं. पंगतीची, मागच्या दाराची गोष्ट मी जमेल तशी सांगितली. त्याची अक्काला तुमची माफी मागायची होती, म्हणालो. मग सायत्राबाई बोलली ते माझ्याशी नाही, त्या रिकाम्या स्टुलाशी बोलली.

"बाई, पोरीला सोडलं त्या दिशी मी गेलेच नव्हते. मागल्या भिंतीला टेकून बसले व्हते सांजपातूर. पोर रडली का आत शिरायचं, उचलायचं आन् घरला न्यायचं, असं ठरवलं व्हतं म्या. लई येळ कान लावून बसले, बाई... रडलीच न्हाई."